पाच वर्षं कारागिराविना: परदेशी सेवेसाठी पेटी देणारं बडोद्याचं दुकान

रावपुऱ्याच्या मुख्य रस्त्यावरून आत वळलेल्या एका गल्लीत हे पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं मांडी घालून बसली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं, एवढीच जागा. नवी पेटी, जुन्या पेटीची दुरुस्ती, भाता बदलणं, सूर लावणं ही नेहमीची कामं इथे होतातच. हे परीक्षण मात्र त्यांच्या एका वेगळ्या कामाचं आहे. ख्रिस्ती मंडळीतर्फे परदेशी सेवेला निघालेल्या कुटुंबांना हे दुकान पेटी, राखीव सूर (आवाज काढणाऱ्या पितळी रीड), छोटी हत्यारं, दोन बैठकांची शिकवणी आणि प्रवासाची बांधणी असं सगळं एकत्र देतं. आधीच सांगून टाकते: पेटी चांगली, शिकवणी त्याहून चांगली आणि बांधणी कच्ची.

कीबोर्ड कुठेही मिळतो, मग एवढं ओझं कशाला न्यायचं, हा प्रश्न घरात निघतोच. उत्तर मंडळीतल्या मुलामुलींच्या तरुणसंघाच्या बैठकीत सापडतं. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना बोलणं समजतं, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना देवनागरी वाचता येत नाही. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक हातात दिलं तरी ती पुस्तकात न बघता शेजारच्याच्या तोंडाकडे बघतात. अशा वेळी ओळ गाण्याआधी तिची चाल कुणीतरी वाजवून दाखवावी लागते. गिटार कॉर्ड देते, चाल देत नाही. ना. वा. टिळकांचा अभंग किंवा जुनं भजन नुसत्या कॉर्डवर धरलं, तर नव्या मुलाला पहिला स्वर कुठला घ्यायचा हेच कळत नाही. पेटी ओळ वाजवते, मुलं ऐकतात, मग गातात. तिला वीज लागत नाही, आणि मुलं तिच्याभोवती जमिनीवर दाटीवाटीने बसतात, हेही मला महत्त्वाचं वाटतं. खुर्च्यांच्या रांगांत जो संकोच असतो, तो सतरंजीवर राहत नाही.

आणखी एक गोष्ट. हे वाद्य आपल्याकडे आलं ते युरोपातून, आणि ते गावोगाव पोचवण्यात मिशनऱ्यांचा मोठा हात होता. त्यांची पायपेटी खुर्चीवर बसून वाजवायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची बैठी पेटी घडवली आणि ती भजनाच्या बैठकीत रुळली. बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तेव्हापासून या शहरात वाद्यं बनवणारे आणि दुरुस्त करणारे हात टिकून आहेत. सुरांसाठी नावाजलेलं पालिताणा याच गुजरातेत, भावनगर जिल्ह्यात आहे. त्यामुळे पितळी सुरांचा चांगला माल इथे सहज येतो.

परदेशी सेवेच्या पेटीची खरी अडचण सुरांची नसून कारागिराची आहे. अमेरिकेत धार्मिक कार्यकर्त्याचा आर-१ व्हिसा आधी ३० महिन्यांपर्यंत मिळतो आणि वाढवून एकूण ५ वर्षं राहता येतं. जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या आर-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे घर एका मानधनावर चालतं, आणि पेटी दुरुस्त करणारा सापडला तरी तो शंभर मैलांवर असू शकतो. तेव्हा पेटी निवडताना ‘वाजते कशी’ याच्याइतकाच ‘पाच वर्षं घरच्या घरी सांभाळता येईल का’ हा प्रश्न विचारायला हवा. या दुकानाचे मास्तर तोच प्रश्न आधी विचारतात, आणि म्हणून ते मला भावतात.

गिऱ्हाईक बहुधा स्केल चेंजर मागायलाच येतं. त्यात पट्ट्यांचा, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांचा, अख्खा संच सरकवून गाण्याची पट्टी बदलता येते, बोटं तीच ठेवून काळी एकवरून काळी दोनवर जाता येतं. शिकाऊ वादकाला हा मोठा आधार वाटतो. मास्तर तरीही साधी पेटी घ्यायला सांगतात आणि कारणं उघड करून दाखवतात. स्केल चेंजरचं वजन सहज चार-पाच किलोंनी जास्त भरतं. सरकणारा भाग लाकडी असल्यामुळे दमट हवेत फुगून अडकतो, कोरड्या हवेत ढिला होऊन खडखडतो. प्रवासात त्याला बसलेला धक्का घरी नीट करता येत नाही. साध्या डबल रीड पेटीत, म्हणजे खर्ज (खालचे सूर) आणि नर (मधले सूर) अशा दोन ओळींच्या पेटीत, बिघडण्यासारखे भागच कमी. तिचं वजन १० ते ११ किलो. बेचाळीस पट्ट्या, साडेतीन सप्तकं. तरुणसंघाला याहून जास्त काही लागत नाही. ज्याला एकाच पट्टीत वाजवता येतं त्याने निघण्यापूर्वी आणखी दोन पट्ट्यांत वाजवायचा सराव करून घ्यावा. दोन महिन्यांच्या रियाझात ते होतं, आणि ते पाच किलोंपेक्षा हलकं पडतं.

फोल्डिंग पेटीबद्दल मास्तरांचं आणि माझं मत जुळत नाही. ती स्वतःच्याच खोक्यात उतरते म्हणून प्रवासाला सोयीची, असं ते म्हणतात. पण वर उचलण्याच्या यंत्रणेमुळे तिला सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा म्हणजे हवा गळायची एक जागा. ज्यांना दर आठवड्याला तीन घरी बैठका घ्यायच्या आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी, बाकीच्यांनी साधीच.

आता सुरांचं. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या (मधल्या ‘ए’ स्वराच्या नेहमीच्या मापाच्या) थोड्या वर लावलेल्या असतात. एकट्या गाण्याला त्याने फरक पडत नाही. पण परदेशातल्या तरुणसंघात गिटार असणारच, आणि गिटारवाला फोनवरच्या ट्यूनरने ४४० ला तारा लावून येतो. पेटी ४४४ ला असेल तर दोन्हींचा तो ‘ए’ स्वर एकत्र वाजवल्यावर सेकंदाला चार वेळा लाट ऐकू येते. मुलांना नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, ती फक्त हळू गायला लागतात. म्हणून मागणी नोंदवतानाच ‘४४० आणि सगळे स्वर समान अंतरावर’ असं लिहून घ्या. दुसरी अट पहिलीइतकीच गरजेची आहे. शास्त्रीय गायकासाठी लावलेल्या पेटीत गांधार थोडा उतरवलेला असतो. एका पट्टीत तो गोड लागतो, पण गिटारच्या कॉर्डशी भांडतो. दुकान दोन्ही प्रकारे लावून देतं, पण विचारल्याशिवाय सांगत नाही.

गिटारशी जुळवणीचा तक्ता ते हाताने लिहून देतात, तो खरंच कामाचा आहे. पेटीची पट्टी काळी एक असेल तर गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि सी चे कॉर्ड. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डी चे कॉर्ड. पांढरी चारला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि डी चे. यात माझी एक भर: बारा ते पंधरा वयाच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना वरचा षड्ज झेपत नाही आणि ती गप्प बसतात. मिश्र गटात पांढरी एक ते पांढरी दोनच्या दरम्यान षड्ज धरला तर ही मुलं सुटत नाहीत. मुलींना तो खाली वाटेल, त्यांना एखादं कडवं वरच्या सप्तकात द्यावं.

दुकानात पेटी तपासताना घाई करू नका. स्टॉप (सुरांच्या ओळींना हवा सोडणाऱ्या खुंट्या) बंद ठेवून भाता मारा आणि हात सोडा. आतला भाता हळूहळू बसायला हवा, भसकन बसला तर गळती आहे. मग एक-एक ओळ उघडून प्रत्येक पट्टी अगदी हलक्या हवेवर दाबा. चांगला सूर कुजबुजीएवढ्या हवेवरही बोलतो. उशिरा बोलणारा सूर मास्तरांना तिथेच दाखवा, ते लगेच उघडून नीट करतात. लाकूड सागवान मागा. शिसव दिसायला देखणी, पण ती डालबर्जिया वंशातली असल्यामुळे साइट्स या वन्यजीव करारात येते. २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, तरी कस्टमच्या खिडकीवर मुलांना घेऊन उभं असताना ती सूट समजावत बसायची वेळ का आणायची? आजोबांची हस्तिदंती पट्ट्यांची जुनी पायपेटी न्यायचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. हस्तिदंताचे नियम फार कडक आहेत.

शिकवणी दीड-दीड तासाच्या दोन बैठकांत होते. मास्तर स्वतः काही उघडून दाखवत नाहीत, तुमच्याकडून उघडवून घेतात. पहिला धडा अडकलेल्या सुराचा. आधी स्टॉप एकेक बंद करून तो कुठल्या ओळीतला आहे ते ठरवायचं. वरचं झाकण आणि जाळी काढायची. रीडबोर्डचे, म्हणजे सूर बसवलेल्या फळीचे, स्क्रू सैल करून पट्ट्यांसकट तो बोर्ड पेटीच्या झाकणासारखा उचलायचा आणि लाकडी काडीचा टेकू द्यायचा. खालच्या अंगाला पितळी सुरांच्या ओळी दिसतात, प्रत्येक सूर दोन स्क्रूंनी धरलेला. पितळी चौकटीच्या खाचेत एक पातळ जीभ, एका टोकाला रिव्हेटने पक्की, दुसरं टोक मोकळं. जीभ आणि चौकट यांच्या मधली फट केसाएवढी असते. त्या फटीत भात्याच्या कापडाचा एखादा तंतू किंवा लाकडाचा कण बसला की सूर मुका होतो किंवा घरघरतो. पातळ पात्याने जिभेचं मोकळं टोक अगदी किंचित उचलायचं आणि फटीतून बटर पेपरची पट्टी एकदाच ओढून घ्यायची. सँडपेपर अजिबात वापरायचा नाही. तोंडाने फुंकायचं नाही, कारण थुंकीच्या ओलाव्याने पितळेवर हिरवट थर चढतो. कोरड्या रंगकामाच्या ब्रशने धूळ झाडायची, बस्स. बोर्ड परत बसवताना कडेचा नमदा (हवा अडवणारी जाड लोकरी पट्टी) दुमडला नाही ना ते बोटाने फिरवून बघायचं. तो दुमडला तर अख्खी पेटी गळायला लागते आणि माणूस दोष सुराला देत बसतो.

दुसऱ्या धड्यात सूर उतरणं आणि तुटणं येतं. एखादा स्वर दर आठवड्याला थोडा थोडा खाली जात असेल तर ती धूळ नव्हे, रिव्हेटजवळ जिभेला तडा जातोय. तो सूर काही दिवसांत तुटणार, तेव्हा आधीच बदलावा. तडा बहुतेक वेळा जोरजोरात भाता मारल्याने जातो, आणि तरुणसंघात तेच होतं. नवशिकी मुलं सायकलच्या पंपासारखा भाता हाणतात. त्यांना पहिल्या दिवशीच सांगावं की भाता श्वासासारखा चालवायचा, धाप लागल्यासारखा नव्हे.

राखीव सूर दुकान सहा देतं, मधल्या सप्तकातले, नर ओळीचे. माझ्या मते दहा घ्यावेत आणि त्यातले तीन खर्जाचे असावेत. प्रत्येक सूर त्याच पेटीत बसवून, लावून, मग काढून वेगळ्या कागदात बांधलेला हवा, कागदावर ओळ आणि स्वर पेन्सिलने लिहिलेला. हे मास्तर न सांगता करतात. नवीन सूर बसवल्यावर जिभेचं टोक चौकटीच्या किंचित वर राहिलं पाहिजे. फार वर असेल तर सूर हवा खातो आणि उशिरा बोलतो, अगदी सपाट असेल तर जोरात भाता मारल्यावर गप्प होतो. एवढं समजलं की वीस मिनिटांचं काम. कानस मात्र ते विकतही नाहीत. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, हे समजावतात आणि पुढे म्हणतात, ‘ताई, हे कळलं तरी करायचं नाही. एकदा गेलेलं पितळ परत येत नाही.’ या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे.

पट्टी सोडल्यावरही सूर चालू राहिला तर सुरांना हात लावायचा नाही. एकतर पट्टी फुगून शेजारणीला घासतेय, किंवा तिच्याखालच्या नमद्यात काहीतरी अडकलंय, किंवा स्प्रिंग सैल पडलीय. या क्रमाने बघायचं. पाच राखीव स्प्रिंगा संचात आहेत, त्या पुरतात.

हवामानाबद्दल शिकवणीत जे सांगतात ते अपुरं आहे. दमट हवेची भीती सगळे घालतात, कारण बडोद्याचा पावसाळा त्यांच्या ओळखीचा. पण थंड देशात खरा शत्रू म्हणजे हिवाळ्यात चोवीस तास चालणारं हीटिंग. खोलीतली आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. लाकूड आकसतं, रीडबोर्डच्या कडा सुटतात, कधी चीर पडते. साधा आर्द्रतामापक पेटीजवळ ठेवावा आणि ४० ते ६० टक्के राखायचा प्रयत्न करावा. हीटरपासून, खिडकीपासून, गाडीच्या डिकीपासून पेटी लांब ठेवावी. दुकान सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाकून देतं. आग्नेय आशियात किंवा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या उपयोगी आहेत, पण कॅनडाच्या हिवाळ्यात त्या काढूनच टाका, उरलासुरला ओलावा त्या शोषतील. कसरीसाठी डांबरगोळ्या आत ठेवू नयेत. भात्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर तो वास भोवती बसलेल्या मुलांच्या नाकात जातो. महिन्यातून एकदा पेटी उघडून नमदा बघितला की काम भागतं.

पोचल्यावर लगेच पेटी वाजवायला घेऊ नका. विमानाच्या पोटातून थंड होऊन आलेल्या पितळेवर खोलीतल्या हवेचं पाणी धरतं. बंद खोक्यातच एक दिवस राहू द्या.

आता बांधणी, आणि इथे दुकानाने खरोखर लक्ष घालायला हवं. ते पेटी थर्माकोलच्या सुट्या गोळ्यांत ठेवून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात. गोळे प्रवासात खाली बसतात, पेटी एका बाजूला सरकते आणि कोपऱ्यावर आपटते. काही गोळे चुरून जाळीतून आत जातात आणि मग सुरांच्या फटींत सापडतात. हे टाळायला सांगून करून घ्या. भात्याची कडी बंद, वर कापडी पट्टा. पट्ट्यांवर फ्लॅनेलची घडी, म्हणजे झाकण लागल्यावर त्या नाचत नाहीत. पेटी आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत. आठही कोपऱ्यांना फोमचे ठोकळे, सगळ्या बाजूंनी निदान ४ सेंटीमीटर. बाहेर प्लायवूडचं खोकं. प्लायवूड मुद्दाम सांगतेय: कच्च्या लाकडाच्या पेटाऱ्याला परदेशात आयएसपीएम १५ नियमाखाली कीड मारण्याची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो, सहसा उष्णतेचा, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं. प्लायवूडला तो लागत नाही. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी पेटी लाकडी वस्तू म्हणून आगमनपत्रात न चुकता लिहावी.

दुकान कुरिअरही सुचवतं, तो सल्ला घेऊ नये. कुरिअरवाले खऱ्या वजनावर नाही, आकाराच्या वजनावर पैसे लावतात. ६६ गुणिले ४२ गुणिले ४० सेंटीमीटरचं खोकं, भागिले ५०००, म्हणजे २२.२ किलो. अकरा किलोच्या पेटीला दुप्पट भाडं. त्यापेक्षा तेच खोकं विमानात चेक-इन सामान म्हणून न्या. तिन्ही मापांची बेरीज १४८ सेंटीमीटर होते, आणि बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा १५८ सेंटीमीटर आणि २३ किलो असते. उरलेल्या वजनात भोवती मुलांचे स्वेटर भरा, तेच गादीचं काम करतात. हत्यारं आणि राखीव सूर याच खोक्यात जाऊ द्यात. पितळी तुकडे आणि पाती हातसामानात निघाली तर तपासणीत अडकतात. बिल मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत. त्यावर ‘घरगुती वापराचं वाद्य’ आणि किंमत लिहिलेली असावी.

घरातल्या वापराबद्दल दोन गोष्टी. फ्लॅटच्या पातळ भिंतींत खर्जाची ओळ बंद करून फक्त नर ओळ उघडी ठेवली की आवाज कमी होतो. जर्मनीसारख्या देशात रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, तिथे कौटुंबिक उपासना जेवणाआधी ठेवलेली बरी. आणि भाता मुलांना मारू द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला पट्ट्यांपर्यंत दोन्ही हात पुरत नाहीत, पण आई वाजवतेय आणि लेक भाता मारतोय अशी विभागणी छान जमते. ज्या घरी मुलं दिवसभर दुसऱ्या भाषेत शाळा शिकतात, तिथे मराठीतली ही पंधरा मिनिटं रोज सांभाळण्यासारखी आहेत.

दुकानाने साध्या डबल रीड सागवानी पेटीला १८,५०० रुपये आणि शिकवणी, राखीव सूर, हत्यारं मिळून २,५०० रुपये सांगितले. प्लायवूडचं खोकं वेगळं. भाव करण्यासारखी ही जागा नाही, आणि करूही नये. पेटी तयार व्हायला तीन आठवडे सांगतात, चार लागतात. नव्या सुरांना बसायला आणखी दोन आठवडे रोज वाजवून मग पुन्हा एकदा लावून घ्यावं लागतं. ते दुसरं लावणं याच पैशात आहे, पण पुष्कळ कुटुंबं गडबडीत त्याच्याआधीच निघून जातात आणि परदेशात महिन्याभरात पेटी बेसूर झाली म्हणून हळहळतात. म्हणून तिकीट हातात पडलं की त्याच आठवड्यात मागणी नोंदवा, दुसऱ्या फेरीला तरुणसंघाच्या गिटारवाल्याला, नसेल तर निदान ट्यूनर असलेला फोन घेऊन जा, आणि मास्तरांसमोर प्रत्येक पट्टी एकदा वाजवून बघा. सकाळी दहानंतर गर्दी होते. नऊ वाजता गेलात तर मास्तर एकटे असतात आणि वेळ देऊन शिकवतात.